लोखंडी कपाट आणि हवेतलं इंटरनेट

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी काही रविवार असे गेले, की आपल्या गप्पांमध्ये आबा नव्हते. थोरलीने मला विचारलंसुद्धा, "आजी, आबा रागावले का आमच्यावर?" मी म्हटलं, "नाही गं, बाहेर गेलेत." ते बाहेर गेले नव्हते. मागच्या दारच्या पायरीवर बसून मोसंबी सोलत होते, आणि आपलं बोलणं संपेपर्यंत ते घरात येणार नाहीत हे मला ठाऊक होतं. पण रागावले मात्र नव्हते. ते का येत नव्हते आणि परत कसे आले, हे तुम्हां दोघांना नीट कळावं म्हणून लिहिते आहे. मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगायची सवय आहे. तुमचा बाबा याला कंटाळतो. तुम्ही कंटाळू नका.

पहिल्यापासून म्हणजे मिलपासून. आबांची सगळी नोकरी इथल्या, जालन्याच्या एमआयडीसीत, एका री-रोलिंग मिलमध्ये झाली. लोखंडाचे ठोकळे भट्टीत लालबुंद तापवायचे आणि फिरत्या रुळांमधून काढत काढत त्यांची सळई करायची, हे तिथलं काम. लग्नानंतर एकदा मी ती मिल बघायला गेले होते. आवाज असा, की आपण ओरडलो तरी आपलं ओरडणं आपल्यालाच ऐकू येऊ नये. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिथे कुणीच ओरडत नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघून नुसते ओठ हलवत होती, मधूनच हाताची एखादी खूण करत होती, आणि पार पलीकडच्या टोकाला उभा असलेला माणूस हसून मान डोलवत होता. अख्खी मिल गप्पा मारत होती आणि एक शब्द ऐकू येत नव्हता. आबांनीही लांबून माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. मला वाटलं, भीती वाटते का असं विचारतायत. मी जोरजोरात नाही म्हणून मान हलवली. बाहेर आल्यावर कळलं, की ते "चहा घेणार का?" असं विचारत होते. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

त्या आवाजाने पुढे त्यांचे कान हळूहळू नेले. पण ओठ वाचायलाही त्यानेच शिकवलं होतं, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागला नाही. समोर बसून बोललं की त्यांना सगळं समजायचं. जेवताना वीज गेली की मात्र ते एकदम गप्प व्हायचे. मला वाटायचं, अंधारात बोलणं यांना आवडत नसेल. तुमच्या बाबाच्या लग्नात, सनईच्या गोंगाटात सगळे पाहुणे कानाशी हात नेऊन "काय? काय?" करत होते आणि आबा मांडवाच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या व्याह्यांचं बोलणं आरामात समजून खुणांनी उत्तरं देत होते, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नंतर कानाचं यंत्रही आणलं. ते घातलं की पंखा आणि कुकर एवढंच मोठ्याने ऐकू येतं, माणसं नाहीत, असं त्यांचं म्हणणं. यंत्र डबीत असतं.

म्हणूनच तुमच्याशी बोलायला मागच्या खोलीतला तो जुना कंप्युटर. त्याच्या पडद्यावर तुमची तोंडं ताटाएवढी दिसतात. तुमच्याकडे सकाळ, आमच्याकडे संध्याकाळ. आबा खुर्ची पुढे ओढायचे, चष्मा पुसायचे आणि तुमच्या ओठांवर नजर लावून बसायचे. त्यांचं ऐकणं म्हणजे हेच बघणं.

हा कंप्युटर घरी आला तेव्हा आबांनी त्याच्यासाठी कपाट करून घेतलं. अर्थातच लोखंडाचं. आमच्या घरात पलंग लोखंडाचा, मांडणी लोखंडाची, तुळशीचा कठडा लोखंडाचा. आबांना लाकूड भरवशाचं वाटत नाही. वाळवीचं खाणं म्हणतात. मिलजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे ते स्वतः उभे राहिले आणि जाड पत्र्याचं दोन कप्प्यांचं कपाट घडवून घेतलं. वरच्या कप्प्यात पडदा, खालच्यात सीपीयूचा डबा. दोन्हींना दारं. वरचं दार बोलताना उघडायचं. खालचं कायम बंद आणि त्याला कुलूप. मागे तळाशी वायरींसाठी एक गोल भोक, त्याच्या कडेला रबराची पट्टी, म्हणजे वायर कापू नये आणि उंदीर शिरू नये. कुणी पाहुणा आला की आबा बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करतात आणि पाहुण्यालाही करायला लावतात.

आता वायरीकडे येते. इंटरनेटचा डबा आपल्या पुढच्या खोलीत, खिडकीशी. तिथून एक निळी वायर दोन उंबरे ओलांडून कंप्युटरपर्यंत जायची. एकदा आबांचा पाय तिच्यात अडकला. दाराची चौकट धरून ते सावरले, लागलं काही नाही, पण वायरीचं टोक तुटून हातात आलं. मी ती वायर गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय असतं ते मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलं आहे. घरात जमिनीवरून वायर जाणार नाही, असं मी सांगून टाकलं आणि आबांनीही ते मानलं.

मग आपण फोनवरून बोलू लागलो. तुम्हांला त्यात काही फरक वाटला नसेल. पण फोनवर तुमचा चेहरा सुपारीएवढा, त्यात धाकटा कधी कपाळ दाखवणार, कधी घराचं छत. आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा काढला, घातला. धाकट्याने विचारलं, "आबा, मी आज काय खाल्लं ओळखा!" आबा म्हणाले, "हो हो, छान!" तुम्ही दोघं खूप हसलात. त्यात तुमची काही चूक नाही, विनोद म्हणूनच हसलात. पण आबांना तुमचे हसणारे चेहरे दिसले आणि का हसलात ते कळलं नाही.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "तूच बोल. काय म्हणले ते मला मागून सांग." आणि मोसंबीची पिशवी घेऊन पायरीवर जाऊन बसले.

मी सांगायची सगळं. पण सांगितलेली गोष्ट म्हणजे शिळी भाकरी. पोट भरतं, एवढंच. मी म्हटलं, धाकट्याचा दात पडला. ते म्हणाले, "कोणता? वरचा का खालचा?" मी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, थोरली पोहायला शिकली. ते म्हणाले, "सांगताना चेहरा कसा होता?" आता हे मी कसं सांगणार? मग त्यांनी विचारणंही कमी केलं. मला त्याची काळजी वाटू लागली. आधी माणूस बोलणं सोडतो, मग विचारणं सोडतो.

तुमच्या बाबाला मी मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नवा लॅपटॉप दारात आला असता. लॅपटॉपचा पडदा लहान, आणि नवी वस्तू घरात आली की आबा ती महिनोन्महिने खोक्यातच जपून ठेवतात.

उपाय कळला तो समोरच्या घरातल्या माझ्या मैत्रिणीकडून. तुम्ही तिला ओळखता. मागच्या वेळी तुम्हांला हुरडा खायला घेऊन गेली होती ती. तिचं माहेर वाटूरचं, मला ताई म्हणते, म्हणून आबा तिचे दाजी, आणि मेहुणीला दाजींची चेष्टा करायचा जेवढा हक्क असतो तेवढा सगळा ती वापरते.

"ताई," ती म्हणाली, "आमच्या सूनबाईच्या हापिसात कंप्युटरला वायरच न्हाई इंटरनेटची. मागच्या अंगाला बोटाएवढं कायतरी खुपसलंय, अन् इंटरनेट हवेतून येऊन राह्यलंय."

सूनबाई एका बियाण्याच्या कंपनीत काम करते, म्हणजे माहिती ऐकीव नव्हती.

"हवेतून फोनला येतं. कंप्युटरला कसं येईल?" मी म्हटलं.

"मंग तेच तर सांगून राह्यले! त्या बोटात फोनासारखं असतंय कायतरी. चला, रिक्षा बघा."

नवीन जालन्यात स्टेशनकडच्या रस्त्याला एक दुकान आहे, तिथे गेलो. दुकानदाराने विचारलं, "आजी, कंप्युटर किती जुना?"

"माझ्या धाकट्या नातवापेक्षा मोठा आहे."

"मंग आत वायफाय नसंल. हे घ्या. यूएसबीत लावायचं. हे बारकं हाय, अन् हे अँटेनावालं. अँटेनावालं न्या, बराबर पकडतंय."

"अन् न्हाई पकडलं तर?" मैत्रीण म्हणाली.

"तर आणून द्या मावशी. मी कुठं पळून चाललो?"

ती वस्तू खरोखरच बोटाएवढी होती, आणि तिच्या कडेला दुमडणारी एक काडी, अँटेना. बरोबर एक पत्रक होतं, इंग्रजीत, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात. आबांनी कुलूप उघडून दिलं, आम्ही दोघींनी सीपीयू ओढून बाहेर सतरंजीवर ठेवला आणि मी भिंग घेऊन पत्रक पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. वस्तू पाण्यात टाकू नये, लहान मुलांना गिळू देऊ नये, तेही वाचलं. मैत्रीण म्हणाली, "ताई, सत्यनारायणाची पोथी हाय का? पुढं चला की!"

पुढे असं होतं, की वस्तू नुसती लावून भागत नाही. कंप्युटरला तिची ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी एक सीडीची तबकडी दिली होती, पण आपल्या कंप्युटरचा तबकडीचा कप्पा कधीचा बसला आहे, उघडतच नाही. पत्रकात दुसरा मार्ग दिला होता: ओळख करून देणारी फाइल इंटरनेटवरून उतरवून घ्या.

"म्हणजे इंटरनेट आणायचं तर आधी इंटरनेट पाहिजे," मी म्हटलं.

"हे बरं हाय," मैत्रीण म्हणाली. "बादली पडली हिरीत, अन् बादली काढायचा गळ ठेवला बादलीत!"

त्या दिवशी आम्ही चहा घेऊन थांबलो. पण रात्री भाकरी थापताना माझ्या लक्षात आलं, की इंटरनेट घरात आहेच की, फोनमध्ये. आणि तुमचे फोटो फोनमधून कंप्युटरमध्ये मी चार्जरच्या वायरीने नेहमी टाकते. मग फाइलही तशीच जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तसं केलं. फाइल गेली, कंप्युटरने बराच वेळ विचार केला, आणि त्या बोटावर एक हिरवा ठिपका लुकलुकू लागला. पडद्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या इंटरनेटची नावं आली, त्यांत आपलंही. पासवर्ड घातला. पट्ट्या भरल्या. मी बातम्या उघडून पाहिल्या, हवामान उघडून पाहिलं, मग आबांना हाताला धरून आणलं.

खाली वाकून त्यांनी तो हिरवा ठिपका पाहिला. मग फडकं आणून सीपीयू पुसला, उचलून कप्प्यात ठेवला, आत सरकवला, दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. त्यांना काम झालं असं वाटलं की ते वस्तू जागच्या जागी ठेवतात. माझंही तसंच आहे, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या रविवारी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. दाढी केली. वेळेच्या आधीच खुर्ची ओढून बसले. मी वरचं दार उघडलं, पडदा सुरू केला आणि तुम्हांला फोन लावायला गेले, तर इंटरनेट नाही. पट्ट्या रिकाम्या. मी बंद करून पुन्हा चालू केलं. नाही. मग तुमचाच फोन माझ्या मोबाइलवर वाजला. मी आबांकडे पाहिलं. ते उठले होते. शर्ट मळला नव्हता, म्हणून काढून पुन्हा हँगरला लावला, आणि बनियनवरच पायरीवर जाऊन बसले. थोरली, तू त्याच दिवशी विचारलंस, आबा रागावले का.

सोमवारी मी ती वस्तू घेऊन दुकानात. दुकानदाराने आपल्या कंप्युटरला लावली, चालली. "आजी, बराबर चालतंय की!" घरी आणली, सीपीयू बाहेर ओढून लावली, चालली. आबांनी सीपीयू आत ठेवला, कुलूप घातलं, बंद. मला वाटलं, पत्रकातली एखादी पायरी माझ्याकडून राहिली. मी सगळं काढून पहिल्यापासून केलं. चाललं. आत ठेवलं. बंद.

"ताई, ते तुम्हांला भितंय," मैत्रीण म्हणाली. "तुम्ही समोर असल्या की गुमान काम करतंय, पाठ फिरली की झोपतंय."

मी तिसऱ्यांदा ओळख करून द्यायला बसले. या वेळी सीपीयू कप्प्यातच होता, दार उघडं. मी फोन त्याच्या शेजारी ठेवला होता आणि त्यावर भजन लावलं होतं. फोन घरात असला की मी त्याचा स्वतःचा डेटा बंद ठेवते. तो पुढच्या खोलीतल्या डब्यावरच चालतो. आबा तिथून जाताना थांबले, उघडं दार पाहिलं आणि सवयीने ढकलून लावलं. जरा वेळाने भजन थांबलं.

मी दार उघडलं. भजन सुरू झालं. दार लावलं. थोडं रेंगाळलं आणि थांबलं. पुन्हा उघडलं, पुन्हा सुरू. मी लहान मुलीसारखी ते दार उघडत आणि लावत राहिले, आणि मला हसू आवरेना. वस्तू चांगली होती, पत्रक बरोबर होतं, मीही बरोबर होते. इंटरनेटला आबांच्या कपाटात शिरताच येत नव्हतं!

मी आबांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. ते म्हणाले, "लोखंडाला दोष देऊ नको."

"अहो, दार लावलं की भजन थांबतं. तुम्ही स्वतः बघा."

"मला काय ऐकू येतं भजन?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा म्हटलं. सहज म्हटलं, चिडून नाही. खरंच होतं, माझा पुरावा कानाचा होता, आणि तो त्यांच्या काय उपयोगाचा? त्यांना डोळ्यांचा पुरावा हवा होता.

मैत्रिणीला बोलावलं. माझ्या फोनवरून तिच्या फोनला व्हिडिओ लावला. माझा फोन खालच्या कप्प्यात उभा केला, त्याच्यासमोर बॅटरी लावून ठेवली, आणि उजेडात बघायला काहीतरी हवं म्हणून आबांच्या पिशवीतलं एक मोसंबं. मैत्रिणीचा फोन आबांच्या हातात दिला. त्यात मोसंबं दिसत होतं, चांगलं पिवळंधमक.

"आता लावा दार," मी म्हटलं.

आबांनी दार लावलं. मोसंबं होतं तसं क्षणभर राहिलं, मग त्याचे चौकोनी तुकडे झाले, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरू लागलं.

"दाजी, आमचं मोसंबं कुठं गेलं?" मैत्रीण म्हणाली. तिला माहीत आहे, त्यांच्याशी बोलायचं तर तोंडासमोर जायचं. ती फोनच्या वरून डोकावून बोलत होती. "तुमच्या कपाटात गेलेली वस्तू परत येत न्हाई बघा!"

आबांनी दार उघडलं. मोसंबं परत आलं. त्यांनी दार लावलं, गेलं. मग आम्हां दोघींना बाजूला सारून ते स्वतः खाली बसले आणि कितीतरी वेळ तेच करत राहिले. शेवटी उठले. मला वाटलं, आता हिरमुसणार. ते पत्र्याजवळ गेले, बोटाच्या पेराने टकटक केलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "बघितलं? वारा न्हाई, उंदीर न्हाई, इंटरनेटसुद्धा न्हाई! आजकालचा पत्रा असता तर गेलं असतं आरपार."

"हारले तरी मिशीला पीळ!" मैत्रीण म्हणाली.

"हारलो कुठं? माझं कपाट जिंकलं."

मग चर्चा झाली. मैत्रीण म्हणाली, दार उघडं ठेवा. आबा म्हणाले, उंदीर. मी म्हटलं, सीपीयू बाहेर टेबलावर ठेवू. ते म्हणाले, धूळ. पत्र्याला मोठं भोक पाडण्याचा विषय काढायची आमची दोघींची छाती झाली नाही. मी पत्रक पुन्हा उघडलं. त्यात एक ओळ होती, की जोडणी कमजोर असल्यास लांबवायची वायर वापरून वस्तू मोकळ्या जागी ठेवावी. ती मी आधीही वाचली होती, पण पाण्यात टाकू नये वगैरेसारखीच एक समजून पुढे गेले होते. डबा कपाटातच राहील आणि फक्त ते बोट बाहेर येईल, एवढंच तर हवं होतं.

स्टेशनच्या रस्त्याला पुन्हा चक्कर. दुकानदार आम्हांला बघूनच म्हणाला, "आता काय केलं आजी?" मी कपाटाची हकिकत सांगितली तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून हसला. "जालन्यात राह्यचं म्हणलं की असंच हाय, गावच लोखंडाचं," म्हणाला आणि दीड मीटर लांबीची वायर काढून दिली.

पुढचं सगळं आबांनी केलं. मागच्या भोकाची रबरी पट्टी काढली, नव्या वायरीपुरती कापून पुन्हा बसवली. वायर पत्र्याच्या मागून वर घेतली आणि ताणून पाहिली. जेमतेम माथ्यापर्यंत पोहोचली. आता ते बोट कपाटाच्या डोक्यावर ठेवायचं. आबांनी ते ठेवलं, उचललं, खाली लोखंडाकडे जरा संशयाने पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून माझा तडकलेला जुना पाट घेऊन आले. तो कपाटावर ठेवला आणि त्याच्यावर ते बोट, अँटेना सरळ उभी करून. आमच्या घरातलं लाकडावर विसंबलेलं हे पहिलं काम. मी म्हटलं, धूळ बसेल, क्रोशाचं झाकण विणून देते. तुम्हांला माहीत आहे, आपल्या घरी टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना माझी झाकणं आहेत. आबांनी दोन्ही हात हलवले. "झाकू नको! आता काहीच घालायचं न्हाई त्याच्यावर."

रविवारी हँगरवरचा तोच पांढरा शर्ट. या वेळी मात्र ते वेळेआधी बसले नाहीत. मोसंबीची पिशवी हातात घेऊन दारातच उभे राहिले, म्हणजे नाहीच लागलं तर तसंच पायरीवर जाता यावं. मी वरचं दार उघडलं. पट्ट्या भरलेल्या होत्या. फोन लावला. आणि तुम्ही दोघं आलात, ताटाएवढे.

पण तुमचा आवाज येत नव्हता. तुमच्या बाजूने तो बंद राहिला होता आणि तुम्हांला त्याचा पत्ता नव्हता. धाकट्या, तू काहीतरी भराभरा सांगत होतास, हात हलवत होतास, आणि इकडे फक्त आमच्या पंख्याचा आवाज. इतकं करून पुन्हा काहीतरी राहिलंच, असं वाटलं. "आवाज येत नाही" म्हणून खुणा करायला मी हात वर केला, तेवढ्यात आबांनी तो धरून खाली घेतला.

ते खुर्चीवर येऊन बसले होते. चष्मा पुसायचंही विसरले होते. डोळे तुझ्या तोंडावर.

"वरचा आहे!" ते मला म्हणाले. "दात वरचा पडलाय. खालचा न्हाई." मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "सायकलवरून? अन् मंग रडला की न्हाई?"

तू बोलतच राहिलास, आणि ते बरोबर जागच्या जागी हसले. थोरली मधे काहीतरी म्हणाली, तिलाही उत्तर गेलं. जरा वेळाने तुमच्या बाबाने मागून येऊन कळ दाबायला हात पुढे केला, तेव्हा थोरलीला काय ते समजलं असावं. तिने त्याचा हात ढकलला. मग तुम्ही दोघंही मुद्दामच तोंड मोठमोठं उघडून, सावकाश, बिनआवाजाचं बोलायला लागलात. आणि आबाही हळूहळू आवाज सोडून नुसत्या ओठांनी उत्तरं द्यायला लागले, भट्टीसमोर उभे राहून द्यायचे तशी. तुम्हांला ती किती कळत होती कोण जाणे. पण हसत तिघंही होतात. मी बाजूला बसले होते, आणि सगळी खोली गप्पा मारत होती, आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

बोलणं संपल्यावर आबांनी वरचं दार लावलं. मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं, "एवढं काय सांगत होता धाकटा शेवटी?"

ते म्हणाले, "चहा घेणार का, विचारत होता."

तेव्हापासून दर रविवारी तुम्ही आधी माझ्याशी बोलता आणि मग शेवटी आवाज बंद करता. तुमचं त्या वेळचं बोलणं मला कळत नाही, आणि विचारलं तर मला एकच उत्तर मिळतं. म्हणून तुम्ही आवाज बंद केलात की मी उठते आणि चहा टाकते. दोन कप. आबांचा त्यांच्या हातात देते, पडद्याच्या आड येणार नाही अशा बेताने, बाजूने.